कलावंतांचे कपडे आणि वस्तू जमवायच्या आहेत? सांगली-साताऱ्यातल्या नव्या संग्राहकांसाठी

एखादा बनारसी शालू बालगंधर्वांचा होता असे कोणी सांगितले, की विचारायचा प्रश्न एकच: कशावरून? उत्तर कागदाने, फोटोने किंवा त्या वस्तूवरच्या खुणेने मिळाले तर पुढे बोलायचे. मिळाले नाही तर तो चांगला जुना शालू आहे एवढेच धरायचे आणि तेवढेच पैसे मोजायचे. खाली सगळी तयारी दिली आहे ती या एका प्रश्नासाठी.

आपल्या भागात या छंदाला वाव मोठा आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीच्या दरबारात नाटक उभे केले. देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. मास्टर दीनानाथांचे बिऱ्हाड सांगलीत होते. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत घर केले. शाहीर पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. नाटक कंपन्या आणि तमाशाचे फड या वाटेने वर्षानुवर्षे फिरले आणि जिथे मुक्काम पडला तिथे काहीतरी मागे राहिले: कोणाच्या घरी उपरणे, कोणाकडे घुंगरांचे चाळ, कोणाकडे फेटा. त्यातले पुष्कळ बोहारणीच्या गाठोड्यात गेले. भरजरी होते ते जुनी जरी विकत घेणाऱ्यांनी चांदीसाठी जाळून टाकले. उरले आहे ते वेळेत शोधायला हवे.

आधी एक कलावंत निवडा

"जुनी रंगभूमी" हा विषय सुरुवातीला फार मोठा होतो. एक कलावंत किंवा एक फड घ्या आणि त्याचा कालपट वहीत लिहून काढा: जन्म, कंपन्या, दौरे, लग्न, आजारपण, मृत्यू. बालगंधर्वांचा कालपट साधारण असा होईल: जन्म १८८८, किर्लोस्कर मंडळीत प्रवेश १९०५, गंधर्व नाटक मंडळीची स्थापना १९१३, चित्रपटात काम १९३५, निधन १९६७. कोणी "गंधर्व कंपनीतला १९१० चा शालू" म्हणून काही दाखवले, तर त्या साली ती कंपनीच नव्हती हे तुम्हाला जागच्या जागी कळेल. मास्टर दीनानाथांच्या नावाची वस्तू असेल तर बलवंत संगीत मंडळी १९१८ ची आणि त्यांचे निधन १९४२ चे, हे ध्यानात असू द्या. विक्रेता मुद्दाम खोटे बोलतोच असे नाही. घरात तीन पिढ्या सांगत आलेल्या गोष्टीत साल हमखास सरकते. त्यामुळे साल चुकले म्हणून वस्तू लगेच टाकून देऊ नका. दावा दुरुस्त होतो का ते बघा.

"त्यांचा" म्हणजे नेमका कसा

नवे लोक सर्वांत जास्त फसतात ते इथे. नाटक कंपनीतला पोशाख बहुतेक वेळा नटाच्या मालकीचा नसे, तो कपडेपटाचा, म्हणजे कंपनीच्या पोशाखांच्या साठ्यातला असे. एकच अंगरखा तीन नटांनी घातलेला असतो, दर वेळी शिंप्याने बाह्या उसवून आत-बाहेर केलेल्या असतात. कंपनी कर्जात गेली की कपडेपटाच्या पेट्याच गहाण पडत. पुढे त्याच पेट्या ड्रेपरीवाल्यांकडे जाऊन गणेशोत्सवातल्या नाटकांना भाड्याने जात. म्हणून प्रत्येक वस्तू पुढीलपैकी एका रकान्यात टाका.

पहिला रकाना: कलावंताच्या खासगी वापरातले. धोतर, टोपी, चष्मा, छडी, अत्तराची कुपी, घरातली साडी.
दुसरा: रंगमंचावर त्यांनी स्वतः घातल्याचा पुरावा असलेले.
तिसरा: त्यांच्या कंपनीच्या किंवा फडाच्या कपडेपटातले, पण कोणी घातले ते माहीत नसलेले.
चौथा: त्या काळातले, त्या प्रकारचे, बाकी काही नाही.

चौथ्या रकान्यातली वस्तू पहिल्याच्या भावाने विकली जाते. तिसरा रकाना मात्र कमी लेखू नका. स्वस्तात मिळतो, खोट्याचे प्रमाण कमी असते, आणि शिवण, अस्तर, रफू यांतून त्या काळच्या कामाची पद्धत इथेच नीट शिकता येते. सुरुवात तिथून केलेली बरी.

शोध

दुकानांपेक्षा माणसे महत्त्वाची. कलावंतांचे वारस तर झालेच, पण त्यांच्याकडे बहुधा आधीच कोणी ना कोणी जाऊन आलेले असते. साथीदार, रंगभूषाकार, कपडेपट सांभाळणारे, कंपनीचे शिंपी, ज्यांच्या वाड्यात कंपनी उतरायची ते मालक आणि फडाला उचल देणारे सावकार यांच्या घरांत वस्तू जास्त सापडतात. पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातही माल येतो, पण तिथे आलेल्या वस्तूची साखळी तुटलेली असते. ती चौथ्या रकान्याची समजूनच घ्या.

घरी जाल तेव्हा पहिल्या भेटीत भाव काढू नका. जुने फोटो बघायला मागा. मोबाइलने नीट कॉपी करून त्यांचा संच घरच्यांनाच द्या. वस्तू कोणत्या पेटीत होती, कोणी दिली, कधी दिली, तेव्हा घरात कोण होते, हे विचारा आणि परवानगी घेऊन बोलणे रेकॉर्ड करा. थोरल्या आजींना नातवंडांपेक्षा अधिक आठवत असते, त्यांच्याशी बोलायला वेळ काढा. तमाशातल्या वृद्ध कलावंतीण बाईंकडून घेत असाल तर त्यांच्या अडचणीचा फायदा घेऊन भाव पाडून चाळ मागू नका. योग्य किंमत द्या, आणि "विकायची नाही" म्हणाल्या तर फोटो आणि आठवण घेऊन परत या. पुढे घराण्यातले कोणी विकायला काढेल तेव्हा नीट वागलेला माणूस आठवतो.

वस्तू हातात आल्यावर

सोबत ठेवा: १० पट भिंग, छोटी विजेरी, ३६५ नॅनोमीटरची अतिनील विजेरी, कापडी टेप, धुतलेली पांढरी चादर आणि वही. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, अंगठ्या-कडी काढा. धातूच्या वस्तूंना नायट्राइलचे हातमोजे घाला, कारण घामाचे ठसे धातूवर कायमचे उठतात.

पाहणी आतून सुरू करा. बाहेरची बाजू सगळेच नीट ठेवतात, खरे काय ते अस्तरात असते. मानेजवळ, काखेत, बाहीच्या टोकाला घामाचे आणि रंगभूषेचे डाग आहेत का? नेहमी रंगमंचावर वापरलेल्या पोशाखाची कॉलर अगदी स्वच्छ असेल तर संशय घ्या. उसवलेल्या शिवणीच्या जुन्या भोकांची रांग दिसली तर माप बदललेले आहे. कोपऱ्यात काळी-तपकिरी न जाणारी खूण दिसली तर ती टिपून घ्या. धोबी बिब्ब्याच्या रसाने गिऱ्हाइकाची खूण घालत आणि ती धुण्याने जात नाही. एकाच घरातल्या दोन कपड्यांवर एकच खूण सापडली तर हा फार चांगला पुरावा आहे.

मग काळ तपासा. शिवणीतला सुटा धागा, मालकाच्या परवानगीने, चिमट्यात धरून घराबाहेर जाळून बघा. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. सूत कागदासारखे जळते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. १९२० च्या दाव्याच्या कपड्यात पॉलिस्टरचा धागा निघाला तर एकतर कपडा नंतरचा, किंवा नंतर दुरुस्त केलेला. दुरुस्तीचा धागा फक्त एका जागी असतो, मूळ शिवणीचा सगळीकडे. अतिनील प्रकाशात कापड निळसर-पांढरे चमकले तर त्यात चमक आणणारे रसायन आहे. ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास वापरात आले, पण आजच्या धुण्याच्या पावडरीतही असते. त्यामुळे चमक म्हणजे "खोटे" असे नव्हे, "नंतर धुतले असावे" एवढाच निष्कर्ष काढा. आतल्या दुमडलेल्या शिवणीतही तितकीच चमक असेल तर मात्र शंका वाढते.

जरीत अस्सल जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. जुनी अस्सल जर हवेतल्या गंधकाने काळपट पडते. झिजलेल्या जागी भिंगातून पांढरी धातू दिसली तर चांदी, लालसर दिसली तर तांबे, आणि पापुद्रा सोलल्यासारखा निघत असेल तर प्लॅस्टिकची नक्कल. सराफाकडे नेलात तर कसोटीवर घासू देऊ नका. काठाच्या मागचा सुटा तंतू तेवढा द्या.

आता फोटोशी ताळा. हा सर्वांत भक्कम पुरावा आहे आणि इथेच घाई होते. "तसाच शालू फोटोत आहे" याला काही किंमत नाही, कारण तसे शालू शेकड्याने विणले जात. हातमागाच्या कापडात मात्र बुट्ट्यांमधले अंतर किंचित कमी-जास्त होते. काठापासून पहिली बुट्टी किती लांब, पदरातली कोणती कोयरी तिरकी, विणीतली चूक कुठे, रफू कुठे, हे वस्तूवर मोजा आणि फोटोत शोधा. अशा तीन स्वतंत्र खुणा जुळल्या तरच जुळले म्हणा. दोन गोष्टी सांभाळा. छापताना फोटो उलटा झालेला असू शकतो, म्हणून पदराची आणि बटणांची बाजू आधी ठरवा. आणि जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा-फिल्मला लाल रंग कळत नसे. त्यामुळे लाल शालू फोटोत जवळजवळ काळा आणि निळा फिकट दिसतो. "फोटोत काळा आहे, हा तर लाल" म्हणून अस्सल वस्तू नाकारली जाते आणि काळी नक्कल गळ्यात पडते.

पगडी-टोपीत आतला घेर मोजा, पादत्राणांत तळव्याची लांबी. एकाच माणसाच्या नावाच्या दोन पगड्यांच्या घेरात दीड-दोन इंचांचा फरक असेल तर त्यातली एक तरी त्यांची नव्हे.

कागद

पैसे देण्याआधी कागद करा. त्यात वस्तूचे वर्णन मापांसह, फोटो चिकटवलेला, देणाऱ्याचे कलावंताशी नाते, वस्तू त्याच्याकडे कशी आली याची एकेक पायरी, तारीख आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. रक्कम ५००० रुपयांच्या वर असेल तर पावतीवर १ रुपयाचे महसुली तिकीट लावा. वारस अनेक असतील तर बहिणींच्याही सह्या घ्या. पुढचे वाद बहुधा "आम्हाला विचारलेच नाही" इथून उठतात. ऐकीव माहिती ऐकीव म्हणूनच लिहा: "आई सांगत असे की…". असा प्रामाणिक कागद ठाम खोट्या दाखल्यापेक्षा टिकतो.

भाव ठरवताना किंमत तीन भागांत फोडा: जरीतल्या चांदीची, विणकामाची आणि नावाची. पहिल्या दोन कोणताही जाणकार सांगेल. तिसरा भाग पुराव्याच्या प्रमाणातच द्यायचा, पुरावा शून्य तर तोही शून्य.

कायद्याच्या दोन गोष्टी माहीत हव्यात. ऐतिहासिक किंवा कलात्मक मोल असलेली, १०० वर्षे जुनी कलावस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. तिची खरेदी-विक्री व्यवसाय म्हणून करायची तर परवाना लागतो, आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या भाच्याकडे कुरिअरने शालू पाठवण्याआधी हे आठवा. दुसरे, हस्तिदंताची मूठ किंवा बांगड्या, कासवाच्या कवचाचा कंगवा, शाहतूस शाल, हरणाचे कातडे यांचा व्यवहार वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. कलावंत कितीही मोठा असो, अशी वस्तू विकत घेऊ नका.

घरी आणल्यावर: धुऊ नका

डाग हाच पुरावा असतो. मानेवरचा सफेदा, पदरावरचा अत्तराचा डाग, ओच्याची झिजलेली कड, हे धुतले की वस्तू मुकी होते. त्यावर धोका वेगळाच: जुने लाल आणि जांभळे रंग पाण्यात सुटतात, आणि जरीचा धागा एकदा काळा पडला की ड्रायक्लीनने उजळत नाही, उलट मुलामा निघतो. गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या काही रेशमाला वजन यावे म्हणून धातूचे क्षार पाजलेले असत. ते रेशीम घडीवर आपोआप चिरते, आणि ओले केले तर हातात लगदा येतो. इस्त्रीही नको. धूळ काढायची तर कापडावर नायलॉनची जाळी ठेवून, सर्वांत कमी ओढीच्या व्हॅक्यूमने, वरच्यावर. रंगभूषेचे पांढरे थर असतील तर मास्क आणि हातमोजे घाला, जुन्या रंगांत शिसे असू शकते.

नवी वस्तू जुन्या संग्रहात लगेच मिसळू नका. कसर लागलेला एक फेटा अख्खे कपाट खातो. वस्तू मांजरपाटात गुंडाळा, पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव धरते. काचमणी, लाख, चामडे किंवा रंगवलेली लाकडी मूठ असेल तर हा उपाय करू नका. त्या वस्तू महिनाभर वेगळ्या डब्यात ठेवून खाली भुसा पडतो का ते बघा.

ठेवण

नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास असते. तिची घडी घालून ठेवली तर घडीच्या रेघेवर जर तुटते. कापडाच्या दुकानातून ताग्याचा पुठ्ठ्याचा नळा आणा, १० सेंटिमीटर तरी जाड आणि साडीच्या पन्ह्यापेक्षा हातभर लांब. पुठ्ठ्यातले आम्ल कापडाला लागू नये म्हणून आधी ॲल्युमिनियमची फॉइल, तिच्यावर मांजरपाट. मांजरपाट दोनदा गरम पाण्यात, साबण-नीळ न घालता, खळ पूर्ण जाईपर्यंत धुतलेला हवा. साडीची सुलट बाजू बाहेर ठेवून, थरांमध्ये मांजरपाट घालत सैलसर गुंडाळा आणि नाडीने बांधा. रबरबँड आणि टाचण्या अजिबात नकोत.

अंगरखा, कोट, पोलके आडवे ठेवा. बाह्यांत आणि खांद्यांत आम्लमुक्त कागदाच्या गुंडाळ्या भरा. हँगरवर टांगलेला भरजरी अंगरखा काही वर्षांत खांद्यावर फाटतो. पगडीला आतून आधार द्या आणि ती डब्यात तरंगती ठेवा, कडेवर भार येऊ देऊ नका. गंगावन किंवा केसांचा टोप विंचरायचा नाही. तो मांजरपाटात सैल ठेवा आणि कसरीसाठी दर दोन महिन्यांनी बघा. चाळ चिंच, लिंबू, राख यांनी घासू नका. हिरवा गंज मऊ ब्रशने कोरडाच झटका आणि घुंगरांखालची चामडी पट्टी धातूपासून वेगळी राहील असा कागद मध्ये घाला. चामडे आणि पितळ चिकटून राहिले की तिथेच हिरवा मेणचट थर येतो. रंगमंचावरचे दागिने पुष्कळदा लाखेवर बसवलेले मुलाम्याचे असतात, त्यांना पाणी आणि ऊन दोन्ही चालत नाही.

नव्या प्लायवूडच्या कपाटापेक्षा पत्र्याचे गोदरेज बरे. डांबराच्या गोळ्या वापरू नका. वेखंड आणि कडुलिंब आपल्याकडे पूर्वापार आहेत, पण पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात. पाला थेट रेशमावर ठेवला तर डाग पडतो. शंभर-दोनशे रुपयांचे आर्द्रतामापक घ्या. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी, ६५ च्या वर बुरशी सुरू होते. महाबळेश्वर-पाचगणीकडे जून ते सप्टेंबर ती खाली येणारच नाही, तिथल्या मंडळींनी घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन डब्यात सिलिका जेल ठेवावे आणि रंग बदलला की तापवून पुन्हा वापरावे.

आणखी एक, जपून सांगायची गोष्ट. पुष्कळ घरांत अशी वस्तू देवघरात ठेवतात, हळद-कुंकू वाहतात, उदबत्ती लावतात. भाव खरा आहे, त्याचा मान ठेवा. पण हळदीचा डाग रेशमावरून निघत नाही आणि धुराची काजळी जरीत बसते. तसबिरीला हार घाला, वस्तू डब्यात राहू द्या. मांडायचीच असेल तर उन्हापासून दूर, ५० लक्सच्या मंद एलईडी उजेडात, सलग तीन महिन्यांपेक्षा जास्त नको.

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, उदाहरणार्थ २०२५.३: तिसरी वस्तू, त्या वर्षातली. सुती पट्टीवर पेन्सिलने लिहून दोन सैल टाक्यांनी अस्तराला बांधा. स्टिकरचा गोंद आणि बॉलपेनची शाई कायमची लागते. कागदांच्या प्रती वस्तूपासून वेगळ्या घरात ठेवा. फाटलेले रेशीम स्वतः शिवू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रासारख्या ठिकाणी जाणकार असतात, त्यांना विचारा.

पूर

सांगलीत संग्रह ठेवणाऱ्याने २००५, २०१९ आणि २०२१ विसरून चालणार नाही. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेले होते. डबे तळमजल्यावर ठेवूच नका. ते शक्य नसेल तर कोयना-चांदोलीचा विसर्ग वाढल्याची बातमी येताच, पाणी ३५ फुटांवर असतानाच हलवा. रस्ता बंद झाल्यावर नळे आणि डबे न्यायला वाहन मिळत नाही. प्रत्येक डब्यावर क्रमांक आणि "आधी उचला" अशी लाल चिठ्ठी, पहिल्या रकान्यातल्या वस्तू सर्वांत वरच्या फळीवर.

तरीही काही भिजलेच तर ४८ तास हातात असतात, त्यानंतर बुरशी. भिजलेले रेशीम उचलताना खाली जाळी किंवा चादर सरकवून सगळे वजन त्यावर घ्या, टोकाला धरून ओढाल तर फाटेल. घडी उलगडू नका, पिळू नका, उन्हात टाकू नका. रंग सुटत नसेल तर जाळीवर ठेवूनच स्वच्छ पाण्याने हलके विसळा, कारण पुराच्या पाण्यात गटाराची घाण असते. मग पांढऱ्या टॉवेलवर पसरून, टॉवेल बदलत, पंख्याच्या हवेत सावलीत वाळवा. रंग सुटत असेल, किंवा एकदम इतक्या वस्तू भिजल्या की वाळवणे आवरत नाही, तर प्रत्येक वस्तू वेगळ्या पॉलिथिनमध्ये, मध्ये बटर पेपर घालून, थेट डीप फ्रीजरमध्ये ठेवा. वीज गेलेली असेल तर मिरज, विटा, ईश्वरपूरकडे (पूर्वीचे इस्लामपूर) जिथे चालू असेल अशा शीतगृहाशी किंवा आइस्क्रीमच्या वितरकाशी पावसाळ्याआधीच बोलून ठेवलेले असावे. गोठलेली वस्तू महिनोन्महिने थांबते, तेवढ्यात संवर्धकाची वेळ घेता येते.